लिनक्स फुकट, मग खर्च कशाचा?

लिनक्स घ्यायला एक पैसा लागत नाही. परवान्याचं शुल्क नाही, वार्षिक वर्गणी नाही, मुदत संपल्याचा निरोप नाही. तरीही घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घेतलेल्या दोघांना खर्च विचारला, तर एक म्हणेल ‘शून्य’ आणि दुसरा म्हणेल ‘सहा हजार’. दोघंही खरंच सांगत असतात. पैसे लिनक्सला लागत नाहीत. ते लागतात यंत्राच्या डागडुजीला, जुन्या फायली सांभाळायला आणि बसवून देणाऱ्याच्या मजुरीला. यातला कोणता खर्च करावा आणि कोणता टाळावा, याचा हा हिशेब.

विंडोजऐवजी लिनक्स बसवण्याचा विचार आज अनेक घरांत चालू आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे, म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. घाई टाळायची असेल, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडली तर ती मोफत मिळते. पण ही फक्त सवड आहे, तोडगा नव्हे.

आधी घरातली कामं मोजा

सगळ्यात महाग पडतं ते चुकीच्या घरात बसवलेलं लिनक्स. दोन दिवसांनी ‘आमचं काम होत नाही’ म्हणून पुन्हा विंडोज टाकायचं, म्हणजे मजुरी दोनदा गेली. म्हणून खिशात हात घालण्याआधी घरातला प्रत्येक माणूस संगणकावर काय करतो, ते कागदावर उतरवा.

वेब ब्राउझर, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, नेट बँकिंग, यूट्यूब, गूगल मीट, पत्रं आणि हिशेबाचे तक्ते, मुलांचं कोडिंग, फोटोंचा साठा ही कामं लिनक्सवर बिनतक्रार होतात. झूमचं लिनक्ससाठी वेगळं ॲप आहे. लिब्रेऑफिस बहुतेक लिनक्समध्ये आधीच बसवलेलं येतं आणि वर्ड-एक्सेलच्या फायली उघडतं. गुंतागुंतीचे तक्ते आणि मॅक्रो असलेल्या फायलींची मांडणी मात्र कधीकधी विस्कटते.

पुढच्या यादीतलं एखादं काम घरात रोज होत असेल, तर विंडोज पूर्णपणे काढू नका:

- टॅली, ऑटोकॅड, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची आवृत्ती.
- श्रीलिपी किंवा आयएसएम वापरून चालणारं डीटीपीचं काम.
- डिजिटल सहीचं टोकन लावून विवरणपत्रं किंवा निविदा भरणं. काही टोकन लिनक्सवर चालतात, पण सही करून देणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी काम अडू शकतं.
- आधारशी जोडलेलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र.
- व्हॅलोरंटसारखे खेळ, आणि घरून द्यायच्या अशा परीक्षा ज्यांचं निगराणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज किंवा मॅकवर चालतं.

मराठी टायपिंगची चिंता नको. इन्स्क्रिप्ट कळफलक आणि उच्चारानुसारी टायपिंग दोन्ही सोयी मोफत मिळतात, युनिकोड मजकूर जसाच्या तसा दिसतो. अडचण आहे ती जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतल्या फायलींची. घरात कोणाचं आत्मचरित्र, कुळाचा वंशवृक्ष किंवा मंडळाचे अहवाल अशा फाँटात असतील, तर विंडोज चालू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि सोबत पीडीएफ प्रतही काढून ठेवा.

फुकटची तालीम

लिनक्सची एक सोय ग्राहकाच्या फारच उपयोगाची आहे. संगणकात काहीही न बदलता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो घरात नसेल तर ३२ जीबीचा नवा चारशे ते सहाशे रुपयांत मिळतो. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा.

लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराची फाइल साधारण ३ जीबीची आहे, ‘उबुंटू’ या प्रकाराची त्याच्या दुपटीच्या आसपास. घरी ब्रॉडबँड असेल तर हा खर्च शून्य. मोबाइलवर रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल, तर फाइल एका दिवसात उतरणार नाही. तेव्हा जास्तीचा डेटा पॅक घ्या किंवा टॉरंट वापरा, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी पुढे चालू होतं. फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिथे दिलेली पडताळणी संख्या जुळवून पाहा. हा सोपस्कार वाटेल, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचंच संकेतस्थळ फोडून लोकांना चोरवाट असलेली बनावट फाइल दिली गेली होती.

विंडोजमध्ये रुफस किंवा बॅलेना एचर या मोफत साधनाने फाइल पेनड्राइव्हवर चढवा. मग संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. डेलवर आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांवर ती एफ१२ असते, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. पडद्यावर लिनक्स आलं की पुढच्या गोष्टी तपासा: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, टचपॅड, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्यावरून वेगाचं मत बनवू नका.

प्रिंटर याच वेळी जोडून पाहा, कारण खर्च अनेकदा इथूनच फुटतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात. एप्सनच्या शाईटाकीवाल्या एल मालिकेसाठी आणि ब्रदरच्या प्रिंटरांसाठी कंपन्यांनीच लिनक्सचे ड्रायव्हर दिले आहेत. आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी ठरतो. तो ज्या जुन्या ड्रायव्हरवर चालतो, तो आजच्या लिनक्सवर बसवताना जाणकारालाही वेळ लागतो. घरात तोच असेल, तर नव्या प्रिंटरचे पैसे किंवा जाणकाराचा वेळ हिशेबात धरा.

वाय-फाय दिसलं नाही तर लगेच डाँगल घेऊ नका. मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. इंटरनेट मिळालं की ड्रायव्हर मॅनेजर अनेकदा हवा तो ड्रायव्हर स्वतःच शोधतो. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपांना हा उपाय सहसा लागू पडतो. तरीही जमलं नाही, तर चारशे ते आठशे रुपयांचा डाँगल घ्यावा. पण ‘लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतो का’ हे विचारून आणि बदलून मिळण्याच्या बोलीवर.

कोणतं लिनक्स?

इथे फार वेळ घालवू नका. ८ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर तिचीच हलकी एक्सएफसीई. विंडोजची सवय असलेल्याला मिंटचा खालचा पट्टा आणि मेनू ओळखीचे वाटतात. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. उबुंटू २४.०४ लाही २०२९ पर्यंत आधार आहे आणि घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत तो मोफत वाढवता येतो. झोरिन ओएसची ‘प्रो’ आवृत्ती विकत मिळते, पण घरच्या कामाला तिची मोफत आवृत्ती पुरते. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणालीही मोफत आहे, मात्र शेजारच्या दुकानात मिंट-उबुंटूचा जाणकार सापडणं जास्त सोपं.

२ जीबी रॅम किंवा ३२ बिटचा प्रोसेसर असलेल्या यंत्रावर पैसे घालू नका. लिनक्स त्यावर चालेल, पण आजची संकेतस्थळं चालणार नाहीत.

जिथे पैसे घालावेत

पुढचे आकडे बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे त्या दिवशीचा भाव दोन ठिकाणी विचारा. लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतला भाव आणि तालुक्याच्या गावातला भाव यांत फरक पडतोच.

- २५६ जीबी साटा एसएसडी: २,००० ते ३,५०० रुपये
- जुनी हार्डडिस्क बसवायची यूएसबी केसिंग: ३०० ते ५०० (लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळ्या वीजजोडणीची, म्हणजे महाग केसिंग लागते)
- लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी डिस्क बसवायची कॅडी: ३०० ते ५००
- वापरलेली ४ जीबी डीडीआर३ रॅम: ५०० ते १,०००
- मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटणबॅटरी: ३० ते ६०
- १ टीबी एक्स्टर्नल हार्डडिस्क: ४,५०० ते ६,५००

या यादीतला एकच खर्च करायचा, तर एसएसडीचा करा. जुना संगणक रखडतो त्यात विंडोजइतकाच दोष फिरत्या हार्डडिस्कचा असतो. त्याच डिस्कवर लिनक्स टाकलं तर फरक जाणवेल, पण डोळे विस्फारणार नाहीत. एसएसडीवर टाकलं तर दहा वर्षांचं यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला तयार होऊ शकतं.

आणि एसएसडीचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. जुनी डिस्क, तिच्यावरचं विंडोज आणि सगळ्या फायली, जशीच्या तशी बाहेर काढून ठेवता येते. लिनक्स नव्या डिस्कवर बसतं, म्हणजे बसवताना जुनं काही पुसलं जाण्याचा धोका उरत नाही. नंतर जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून जोडा आणि लागतील त्या फायली नव्यावर उतरवा. आता त्यांच्या दोन प्रती झाल्या. लिनक्स नाहीच मानवलं, तर जुनी डिस्क परत लावा, संगणक होता तसा. वेग, बॅकअप आणि परतीची वाट या तिन्ही गोष्टी अडीच-चार हजारांत मिळतात. मग साडेचार हजारांची एक्स्टर्नल डिस्क लगेच घेण्याची गरज राहत नाही.

कॅडी घेण्याआधी डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजा. ती ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर असते, आणि चुकीची कॅडी बसत नाही. बटणबॅटरीचा खर्च क्षुल्लक, पण ती संपलेली असेल तर संगणकाची तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडायलाच नकार देतात. लोक त्याला ‘लिनक्सचा बिघाड’ समजतात.

एकाच डिस्कवर दोन्ही हवं असेल तर

विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणं, म्हणजे ड्युअल बूट, हा साहित्याच्या दृष्टीने फुकटचा मार्ग आहे. पण चुकलं तर फायली जातात, म्हणून यात बॅकअपला पर्याय नाही. २०० जीबीचा साठा जुन्या यूएसबी २ जोडणीतून उतरवायला साधारण दोन तास लागतात. तेवढा वेळ द्या.

त्याआधी विंडोजमध्ये तीन कामं करा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोजच्या विभागात लिनक्सला लिहिता येणार नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्ससाठी ६० ते १०० जीबी जागा मोकळी करा.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू लागलं, तर घाबरून कोणाला बोलावू नका. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, त्याचाच हा फरक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा दिली की काम झालं. या दुरुस्तीसाठी ‘व्हिजिट चार्ज’ देऊ नका.

बसवून देणाऱ्याची मजुरी

मिंट स्वतः बसवणं अवघड नाही. भाषा, कळफलक, वेळ, नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि एसएसडीवर अर्ध्या तासात काम आटोपतं. खरा निर्णय एकच असतो: ‘पूर्ण डिस्क पुसा’ की ‘शेजारी बसवा’. तिथे खात्री नसेल तर पुढे जाऊ नका.

बाहेरून करून घ्यायचं असेल, तर ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, लिनक्स जाणणारे कमी. मजुरी पाचशेपासून पंधराशेपर्यंत मागितली जाते. भाव करण्याआधी पाच गोष्टी ठरवा आणि बिलावर लिहून घ्या:

- बॅकअप मजुरीत धरला आहे की वेगळा? तो कोण तपासणार?
- विंडोज ठेवायचं की काढायचं?
- वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालवून दाखवणार का?
- पासवर्ड आपण स्वतः घालणार, त्यांनी ठेवलेला चालणार नाही.
- आठ-पंधरा दिवसांत अडचण आली तर पुन्हा येण्याचे पैसे किती?

यंत्र दुकानात ठेवायचं असेल तर जुनी डिस्क काढून घरी न्या. तिच्यात घरातल्या सगळ्यांची आधार-पॅनची चित्रं आणि बँकेची पत्रं असतात. सुट्या भागांचं बिल जीएसटीसह घ्या, वॉरंटीला तेच लागतं. बिल द्यायला टाळाटाळ झाली किंवा कबूल केलेलं काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तीन घरं, तीन बिलं

पहिलं घर: ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप, काम फक्त ब्राउझरवर. फायली आधीच दुसरीकडे सुरक्षित आहेत. पेनड्राइव्ह घरातला असेल तर शून्य, नसेल तर चार ते सहाशे रुपये.

दुसरं घर: २०१३-१४ च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप, ४ जीबी रॅम, फिरती डिस्क. एसएसडी, केसिंग, पेनड्राइव्ह आणि पाचशे ते हजार मजुरी मिळून सव्वातीन ते साडेपाच हजार. ४ जीबी रॅम वाढवली तर पावणेचार ते साडेसहा हजार.

तिसरं घर: टॅलीमुळे विंडोज ठेवायलाच हवं, बॅकअप कुठेच नाही. एक्स्टर्नल डिस्क आणि ड्युअल बूटची हजार-दीड हजार मजुरी धरून साडेपाच ते आठ हजार. यातला मोठा वाटा बॅकअपचा आहे. लिनक्स नसतं घेतलं तरी तो खर्च करायलाच हवा होता.

जिथे एक रुपयाही देऊ नका

‘लिनक्सचा परवाना’, ‘ॲक्टिव्हेशन’, ‘लाइफटाइम की’ या नावाने कोणी पैसे मागितले तर ते देण्याचं कारण नाही. तयार पेनड्राइव्ह विकत मिळतात. त्यांत किंमत फक्त पेनड्राइव्हची आणि कष्टाची असावी. घरगुती लिनक्सवर अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही. अपडेट वेळेवर घेणं आणि सॉफ्टवेअर फक्त प्रणालीच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेणं एवढं पाळा. कोणी ‘त्यापेक्षा क्रॅक केलेलं विंडोज तीनशेत टाकतो’ म्हणाला, तर तो पर्याय स्वस्त नाही. ती चोरीची प्रत आहे, आणि तिच्यासोबत काय काय आलं हे बँकेचा पासवर्ड गेल्यावर कळतं.

शिकण्यालाही खर्च नाही. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून मोफत आहेत. आजी-आजोबांनाही ते एकेक पायरी थांबवत बघता येतात. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत, तेव्हा ‘हे इंजिनिअरांचं काम’ ही समजूत सोडायला हरकत नाही. पैसे द्यावेसे वाटलेच, तर वर्षभर वापरून झाल्यावर मिंट किंवा डेबियनला देणगी द्या.

कुठे थांबावं

जुन्या यंत्रावरचा एकूण खर्च सात हजारांच्या वर जाऊ लागला, तर हात आखडता घ्या. बॅटरी गेली, बिजागरं तुटली, कळा निघाल्या, वर एसएसडी आणि रॅमही हवी, असा लॅपटॉप दुरुस्त करण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक बघावेत. आठव्या पिढीचे असे लॅपटॉप सहसा पंधरा ते वीस हजारांत वॉरंटीसह मिळतात, त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालतं, आणि गरज पडली तर विंडोज ११ चीही वाट मोकळी राहते. खरेदीआधी दुकानातच आपला पेनड्राइव्ह लावून वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा तपासा. विक्रेता तेवढं करू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.